रिकामा रकाना

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका घरातली दोन्ही मुलं शाळेत जात नव्हती, घरीच शिकत होती. थोरलीने एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, दहावी दिली होती आणि बारावीची तयारी चालली होती. अभ्यासाची चिंता नव्हती, चिंता होती ती उन्हाळ्याची. शाळेतल्या मुलांना शिबिरांच्या सूचना फलकावर दिसतात, एखादे सर हाक मारून सांगतात. हिला सांगणारं कुणी नव्हतं. शिवाय आईच्या मनात एक सल होता: शाळेचा शिक्का नाही, तर निदान एखाद्या मोठ्या ठिकाणचं प्रमाणपत्र तरी हवं.

शोधता शोधता एक माहितीपत्रक हाती लागलं. परदेशी विद्यापीठाच्या आवारात दोन आठवड्यांचा खगोलशास्त्राचा वर्ग. फी, विमान आणि व्हिसा धरून खर्च काही लाखांत जात होता. बाबांचं स्टेशनरीचं छोटं दुकान. त्यांनी मुदत ठेव मोडायची ठरवली. ठेवीवर दुसरं नाव आत्याचं होतं, म्हणून कोल्हापूरला फोन गेला.

आत्या एका पतसंस्थेत कर्जाची कागदपत्रं तपासते. तिने ते माहितीपत्रक मागवून घेतलं, शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि रात्री फोन केला.

"दादा, इमारतींचे फोटो आहेत, हिरवळ आहे, जेवणाचा तक्ता आहे. शिकवणार कोण, ते कुठं लिहिलंय? आणि पोरीला काय येतं, हे तरी विचारलंय का? आम्ही पन्नास हजारांचं कर्ज देताना माणूस काय करतो ते आधी विचारतो."

बाबांकडे उत्तर नव्हतं. कुठलंही शिबिर निवडताना आत्याचे हे दोन प्रश्न आधी विचारावेत, असं मला मनापासून वाटतं. ज्यांना खरोखर शिकवायचं असतं, ते मुलाचं काम मागतात. अमेरिकेत 1957 साली सुरू झालेल्या रॉस गणित शिबिराला जायचं तर आधी गणितं सोडवून पाठवावी लागतात. ऑलिम्पियाडसाठी निवडलेल्या आपल्या मुलांची शिबिरं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात भरतात. तिथवर परीक्षा पोचवते, पैसा नव्हे.

आत्याने मग भाचीलाच फोनवर घेतलं. "तुला तिथं जाऊन नेमकं काय करायचंय गं?"

"पृथ्वी केवढी आहे, ते स्वतः मोजायचंय."

"मग त्याला विमान कशाला लागतंय?"

मेच्या 13-14 तारखेला पुण्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापूर पुण्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे 200 किलोमीटर. त्याच वेळी कोल्हापुरात काठीची थोडी सावली पडणारच, आणि ती किती पडते त्यावरून पृथ्वीचा घेर काढता येतो. थोरलीने हे सगळं वहीत मांडलं आणि आत्याला कामाला लावलं.

आत्याने गच्चीवर ओळंबा धरून मीटरभर उंचीची काठी उभी केली, खाली पांढरा कागद पसरला. वर्षातला बराच काळ उत्तरेला पडणारी दुपारची सावली त्या दिवशी दक्षिणेला पडली होती. पण तिचं टोक कुठं संपतं तेच ठरेना. पेन्सिल टेकवायला जावं तर कड विरलेली. जवळजवळ सेंटिमीटरभर पट्टा ना धड काळा, ना धड पांढरा. आत्या वैतागली. पुण्याच्या गच्चीवरून थोरली थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आत्या, सूर्य म्हणजे ठिपका नाही ना. अर्ध्या अंशाची तबकडी आहे. काही भागाचा उजेड अडतो, काही भागाचा अडत नाही. पट्ट्याच्या मध्यावर खूण कर."

सावली भरली 3 सेंटिमीटर. घेर आला सुमारे 42 हजार किलोमीटर. खरा आहे सुमारे 40 हजार. सावली एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली की उत्तर हजाराहून जास्त किलोमीटरनी बदलतं, हेही तिने हिशेब करून खाली लिहिलं.

मेअखेरीस पुण्यातच आठवडाभराचं एक खगोल शिबिर होणार होतं. अर्ज आणला तर त्यात 'शाळेचे नाव' आणि खाली मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची जागा. आईचा चेहरा उतरला. याआधी एका संस्थेने शाळेशिवाय अर्ज घेणार नाही, असं स्पष्ट कळवलंच होतं.

"रकाना रिकामा सोडा आणि वहीची पानं जोडा," आत्या म्हणाली.

थोरलीने तसंच केलं. सोबत एनआयओएसच्या ओळखपत्राची प्रत लावली आणि आपण घरी शिकतो, हे चार ओळींत सरळ लिहिलं. दोन दिवसांनी संयोजकांचा फोन आला. सहीचं त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते असं, की कड मध्यावर न धरता बाहेरच्या टोकाला धरली असती, तर घेर कमी आला असता की जास्त? थोरली उत्तर देऊ लागली आणि बोलणं बराच वेळ चाललं. प्रवेश मिळाला. फी बाबांच्या दुकानातल्या एका दिवसाच्या गल्ल्याएवढी होती. ठेव मोडावी लागली नाही.

त्या आठवड्यात थोरलीला अशी माणसं भेटली, जी वर्षानुवर्षं रात्री जागून आकाश बघतात आणि नवशिक्याच्या प्रश्नाला कंटाळत नाहीत. आईनेही मग चौकशा सुरू केल्या. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी खगोलप्रेमींना जमवते आहे. श्रीराम अभ्यंकरांनी 1976 साली स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान गणिताची आवड असलेल्या मुलांना घडवतं. 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणमंचावरचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच पैसे भरायचे. हे सगळं घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, पण माहितीपत्रकं चाळताना कुणाला दिसलं नव्हतं. धाकट्याने गणिताचं नाव घेतलंय. त्याची वही आता सुरू झाली आहे.

घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी उन्हाळ्याच्या चौकशा फेब्रुवारीतच सुरू कराव्यात आणि शाळेचा रकाना पाहून अर्ज बाजूला ठेवू नये. आधी फोन करून विचारावं. शिबिरं भरवणाऱ्यांनाही एक कळकळीची विनंती आहे. छापील अर्जात 'शाळेचे नाव' याच्या खाली एवढी एक ओळ वाढवा: 'घरी शिकत असल्यास, आजवर केलेलं काम जोडा.'