कर भरला म्हणजे विष शुद्ध होते काय?



‘दुकान सरकारमान्य आहे, कर वेळेवर भरतो, मग दारू विकण्यात वाईट काय?’ हा प्रश्न आपल्या वस्त्यांतूनही ऐकू येतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी चीनमधील अफूच्या व्यापाराचा इतिहास पाहू या.

चीनच्या बादशहाने १७२९ साली अफूच्या विक्रीवर बंदी घातली. तरी बिहार-बनारसची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची अफू मुंबईहून चोरट्या मार्गाने तेथे जात राहिली. माळव्याच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनी परवाना-शुल्क घेई. १८३९ साली लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या. इंग्रजांनी युद्ध पुकारले. १८४२ च्या नानकिंग तहान्वये चीनवर २ कोटी १० लाख डॉलरांचा भुर्दंड बसला. त्यांपैकी ६० लाख नष्ट झालेल्या अफूची भरपाई म्हणून होते! पुढे दुसऱ्या युद्धाच्या काळात, १८५८ साली, अफूवर ठराविक जकात बसली. बंदी गेली, जकात आली.

मग भांडण उरले ते कराचे. चीनच्या प्रांतांनी अफूवर आणखी अंतर्गत कर घ्यावा की नाही, याबद्दल १८७६ साली चिफू येथे करार झाला. पण अफूच्या कलमावर समझोता व्हायला १८८५ साल उजाडले. कर किती, तो कोठे घ्यावा, तहाने हक्क कोणाला दिला, यावर नऊ वर्षे खल चालला. अफू ओढून खंगणारा माणूस मात्र त्या हिशोबात नव्हता.

भगवान बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष. तेथे ‘परवाना असल्यास चालेल’ अशी सवलत नाही. कायदा तुच्छ आहे, असे माझे म्हणणे नाही. अस्पृश्यता कायद्यानेच गुन्हा ठरली. परंतु कायदा विक्रीची मुभा देऊ शकतो. विकलेल्या वस्तूचा परिणाम तो पुसू शकत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. जे मी पिणार नाही, ते शेजाऱ्याला कसे विकू?

‘मग पोट कसे भरावे?’ असे कोणी विचारील. हा प्रश्न खरा आहे. अशा माणसाला नुसता दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. त्याला दुसरा धंदा उभा करून देणे हे साऱ्या वस्तीचे काम आहे. सम्यक आजीविका एकट्याने पाळणे कठीण. संघाने ती सोपी होते.