कानतुटका कप

माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये अजून सोफा नाही, पण कॉफीसाठी वजनकाटा आहे. १५ ग्रॅम कॉफी, २५० मिली पाणी, तापमान ९३ अंश. बिया चिकमगळूरच्या, पाकिटावर भाजल्याची तारीख लिहिलेल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचे, तर सकाळची वीस मिनिटं तरी सगळं मनासारखं, मोजूनमापून व्हावं, एवढीच अपेक्षा.

आमच्या नगरच्या घरात कॉफी फक्त रविवारी व्हायची. बाकी सहा दिवस चहा. उपासनेहून घरी आलो की पप्पा शर्टाच्या बाह्या दुमडून ओट्याशी उभे राहायचे. स्टीलच्या पेल्यात इन्स्टंट कॉफी, साखर आणि चमचाभर पाणी घेऊन फेटत बसायचे. काळपट कॉफीचा रंग बदामी होईपर्यंत चमच्याचा टक-टक आवाज चालू. मग वरून उकळतं दूध, वर किसलेलं जायफळ. एखाद्या रविवारी पाळकसाहेब घरी आले तर "सलाम" म्हणून त्यांच्याही हातात तीच कॉफी.

इंजिनिअरिंगला पुण्यात आलो आणि माझं चर्चला जाणं हळूहळू सुटलं. भांडण वगैरे काही झालं नाही. आता नाताळ आणि गुड फ्रायडेला जातो, तेही आईसाठी. पप्पा त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. आमच्या दोघांच्या रविवारातलं उरलं होतं ते फक्त कॉफीचं.

गेल्या वर्षी आई-पप्पा आठ दिवस माझ्याकडे राहायला आले. पप्पांच्या बॅगेत कॉफीची बाटली होती आणि कागदाच्या पुडीत एक जायफळ. रविवारी सकाळी मी उठलो तेव्हा ते माझ्यासाठी कॉफी फेटत होते. मी हसत हसत म्हणालो, "पप्पा, ही कॉफी नाहीये हो, हे गोड दूध आहे. थांबा, मी तुम्हाला खरी कॉफी पाजतो."

मग मी साग्रसंगीत कॉफी केली. बिया दळल्या, काटा लावला, बारीक धारेनं पाणी ओतलं. पप्पांनी ती बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. "छान आहे," म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी केलेला कप ओट्यावर राहिला. त्यावर साय धरली. दुपारी आईनं तो सिंकमध्ये ओतला. दुसऱ्या दिवशी बाटली परत बॅगेत गेलेली दिसली.

कुणी रागावलं नाही, कुणी रुसलं नाही. तरी मला ते खटकत राहिलं. माझं चुकलं काय? मी तर दिलंच होतं, आणि माझ्याकडचं सगळ्यात चांगलं दिलं होतं. घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता आहे, हे आम्ही संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं. बायबलमध्येच आहे ते. मग देऊनही अपराधी का वाटावं?

पुण्यातलंच पंचहौद मिशनचं प्रकरण मला तेव्हा आठवलं. १८९० साली तिथल्या एका कार्यक्रमाला शहरातली बरीच मोठी माणसं गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसताच पुढे ठेवून दिला, असं सांगतात. उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात गदारोळ उठला. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्काराची भाषा झाली, पुढे रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतलं. चहा कसा झाला होता, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

या गोष्टीत मला एक जाणवलं. चहा देणाऱ्यांना तो देताना काहीच किंमत मोजावी लागली नाही. किंमत मोजली ती घेणाऱ्यांनी.

आणि मग आजीचा कप आठवला. आजीच्या लहानपणी तिचे वडील गावातल्या एका मोठ्या वाड्यावर कामाला जायचे. वाड्याच्या बाहेरच्या कोनाड्यात त्यांच्यासाठी एक कानतुटका कप ठेवलेला असे. त्यात वरून चहा ओतायचे. पिऊन झाला की आपला आपण विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. आजी हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात राग नसे. "चहा चांगला द्यायचे रे, दूध घालून. पण आमच्या घरी कधी पाणी नाही घेतलं त्यांनी."

त्या वाड्यानं दिलं नाही असं नव्हतं. वाड्यानं कधी घेतलं नाही. देणारा देता देता वरच राहू शकतो. घ्यायचं तर समोरच्याच्या घरात शिरावं लागतं, त्याच्या भांड्याला ओठ लावावा लागतो, त्याची चव चालवून घ्यावी लागते.

आमच्या घराण्याचा बाप्तिस्मा त्या कोनाड्यातूनच बाहेर पडण्यासाठी झाला असावा, असं मला वाटतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट आजीला सगळ्यात आवडायची, तीही उगीच नसावी. येशू थकून विहिरीवर बसला आहे. पाणी भरायला एक शोमरोनी बाई येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. येशू तिला काही देऊ करण्याआधी तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते. जिवंत पाण्याचं बोलणं पुढे होतं, पण सुरुवात मागण्यानं होते. त्याच्याकडे पोहराही नव्हता. म्हणजे पाणी तिच्याच भांड्यातून घ्यावं लागणार होतं.

माझी कॉफीची ऐट आणि तो कोनाडा एका तागडीत घालता येणार नाहीत, हे मला कळतं. तिथे माणसाला माणूस मानलेलं नव्हतं. इथे एका मुलानं बापाच्या साखरेला नावं ठेवली. आपली आवड असण्यात पाप नाही, आणि सगळं सगळ्यांकडून घ्यायलाच हवं असंही नाही. पण ज्या माणसाकडून आपण फक्त देण्यापुरताच संबंध ठेवतो, त्याला आपण नकळत बाहेर उभं केलेलं असतं. माझ्या चकाचक ओट्यावरही त्या रविवारी एक कप वेगळा पडला होता.

मागच्या महिन्यात नगरला गेलो. रविवार होता. मी काही चर्चला गेलो नाही, ते खोटं मला जमलं नसतं. दोघं उपासनेहून परत आल्यावर म्हणालो, "पप्पा, कॉफी करता का?"

"तुझी ती काट्यावरची मला नाही जमायची."

"तुमची करा."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग बाह्या दुमडल्या. टक-टक सुरू झाली. दहा मिनिटं आम्ही दोघं काहीच बोललो नाही. कप हातात दिल्यावर म्हणाले, "कशी झालीय?"

"गोड आहे."

"तशीच असते," पप्पा म्हणाले, आणि जायफळ पुन्हा पुडीत बांधायला लागले.