अनुमानाचा अधिकार

न्यायशास्त्रानें प्रत्यक्षाच्या शेजारीं अनुमानासहि प्रमाणाचें आसन दिलें आहे. पर्वतावर धूर दिसला कीं तेथें अग्नि असला पाहिजे, हें उदाहरण आमच्या वाचकांस नवें नाहीं. परंतु धूर पाहणाऱ्यानें 'मीं अग्नि पाहिला' असें सांगितल्यास तें असत्य होईल काय? अग्नि तेथें खरोखरच असला, तरीहि? हा प्रश्न आम्हांस पडला तो तर्काच्या ग्रंथांत नव्हे, तर खनिज तेलांच्या रसायनशास्त्रांत.

कार्बन व हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांच्या संयुगांस हायड्रोकार्बन म्हणतात. पेट्रोल व रॉकेल हीं त्यांचींच मिश्रणें होत. वीस कार्बन-अणूंच्या संपृक्त हायड्रोकार्बनाचें सूत्र एकच, परंतु अणूंची मांडणी ३,६६,३१९ प्रकारें संभवते. प्रत्येक प्रकार शुद्ध करून, जाळून, त्याची उष्णता मोजूं म्हटल्यास पिढ्या पुरणार नाहींत. अमेरिकेंतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्यें रॉसिनी यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत अशीं मोजमापें मोठ्या निष्ठेनें केलीं. तरी न मोजलेल्यांपुढें तीं मूठभरच.

म्हणून अनुमान आलें. बेन्सन व बस यांनीं १९५८ मध्यें मांडलेल्या पद्धतींत प्रत्येक अणूचा वांटा त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरवितात व वांट्यांची बेरीज करतात. ब्यूटेनच्या दोन टोकांस प्रत्येकीं उणे ४२ किलोज्यूल आणि मधल्या दोन दुव्यांस प्रत्येकीं उणे २१ धरले, तर दर मोलास निर्मितीची उष्णता उणे १२६ येते. प्रयोगानेंहि जवळजवळ तेवढीच मिळते. इतकें साधें गणित निसर्ग मानतो, याचें आम्हांस अजूनहि नवल वाटतें.

पण तो सर्वत्र मानीत नाहीं. तेच मधले दुवे तीन घेऊन त्यांचें कडें केलें कीं सायक्लोप्रोपेन होतो. बेरीज म्हणते, सुमारें उणे ६२. मोजमाप म्हणतें, अधिक ५३. बेन्झीनची कथा उलट दिशेची. एका द्विबंधास हायड्रोजन जोडतांना सुमारें १२० किलोज्यूल उष्णता निघते, तेव्हां तिहींस ३६० निघावी. १९३६ मध्यें हार्वर्ड येथें किस्टियाकोव्स्की व त्यांचे सहकारी यांनीं मोजली, ती २०८ भरली. सायक्लोप्रोपेन खोटें बोलतो, असें रसायनज्ञ म्हणाले नाहींत. कड्यांत ताण आहे, बेन्झीनमध्यें बेरजेस न दिसणारें स्थैर्य आहे, असें त्यांनीं मानलें आणि कोष्टकास दुरुस्तीचे रकाने जोडले. चांगल्या कोष्टकांत मोजलेला आंकडा कोणता व काढलेला कोणता, हेंहि नमूद असतें. ही खूण गाळणारास आम्ही केवळ आळशी म्हणणार नाहीं. त्या आंकड्यावर विसंबून कोणी भट्टी बांधणार असतो.

माणसांच्या बाबतींत आम्ही सुशिक्षित लोक हीच बेरीज नित्य करतों. आडनांव, गांव, बापाचा धंदा, बोलण्याचा हेल. तीवांचून व्यवहार चालत नाहीं, असें म्हणणाऱ्यांचें आम्हांस अर्धेंच पटतें. रसायनज्ञाचा आंकडा चुकला तर तो कोष्टक दुरुस्त करतो. आमचा चुकला तर आम्ही त्या मनुष्यास 'अपवाद' म्हणतों आणि कोष्टक जसेंच्या तसें ठेवतों. शिवाय सायक्लोप्रोपेनला अनुमानाचें दुःख होत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरची एक खोली भाड्यानें द्यावयाची होती. एक तरुण विचारावयास आला. आम्हीं त्याला तीन प्रश्न विचारले, चहा दिला, आणि खोली आधींच दिली गेल्याचें सांगितलें. ती दिलेली नव्हती. त्याच्या पेल्यांतला चहा अर्धा तसाच राहिला होता. रात्रीं जेवतांना घरच्यांनीं विचारलें, तेव्हां आम्ही म्हणालों, "पाहिला, माणूस कांहीं बरा नव्हता."