यंत्र सुधारले, श्रवणाचे काय?

दसरा-दिवाळीला घरात नवी वस्तू आणण्याची आपली रीत जुनी आहे. पूर्वी तांब्या-पितळेचे भांडे येई, पुढे रेडिओ आला, टेपरेकॉर्डर आला. आता मोठ्या टीव्हीच्या जोडीला होम थिएटर येते. मग वर्षभरात घरात कुरकूर सुरू होते. सिनेमा दणकेबाज वाटतो, पण गाणे गोड लागत नाही. मुलगा म्हणतो, याहून वरचा संच घेऊ. आजोबा म्हणतात, आम्ही खरखरणाऱ्या रेडिओवर मल्लिकार्जुन मन्सूर ऐकले, आमचे काय अडले? वरवर पाहता हा पैशाचा वाद आहे. मला मात्र तो नीतीचा प्रश्न वाटतो. चांगले ऐकू यावे म्हणून माणसाने किती खटाटोप करावा, आणि कुठे थांबावे?

आधी मुलाची बाजू घेऊ. होम थिएटरची मांडणी मुळात सिनेमासाठी असते. पाच स्पीकर आणि खर्जासाठी सबवूफर. मोटार डावीकडून उजवीकडे जावी, स्फोट अंगावर यावा, हा तिचा हेतू. आपल्या रागसंगीताची बहुतेक ध्वनिमुद्रणे एका किंवा दोन वाहिन्यांची आहेत. ती पाच ठिकाणी विखुरली की गवई कुठे बसला आहे तेच कळेनासे होते, आणि सबवूफर तबल्याच्या डग्याचा ढोल करून टाकतो. तंबोऱ्याचे तर विचारूच नका. पंचमात लावलेल्या तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. तरी जवारीवरचा दोरा नेमका बसला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. खर्जाच्या कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा तो स्वर. गवई त्याच्या आधाराने गातो. सुमार यंत्रावर तो ऐकूच येत नाही, उरते ती नुसती घूंघूं. पुसट छापलेली प्रश्नपत्रिका हातात देऊन मुलांची परीक्षा घेणे जसे अन्यायाचे, तसेच अशा यंत्रावर ऐकून गायकाविषयी मत बनवणे. कलावंताने केले ते जसेच्या तसे आपल्यापर्यंत पोहोचावे, ही अपेक्षा चैनीची नव्हे, सचोटीची आहे.

आता आजोबांची बाजू. तिला पुरावा आपल्याच मुलखातला आहे. गदगच्या भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली. तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची, वर सुईची खरखर. तेवढ्याने तो मुलगा झपाटला आणि 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडून निघाला. आवाजाचा दर्जा हेच सर्वस्व असते तर हे घडते ना. पण गोष्ट इथेच थांबवली तर तिचा अर्धाच अर्थ हाती लागतो. तो मुलगा तबकडीवर समाधान मानून घरी बसला नाही. ग्वाल्हेर, जालंधर असा भटकला आणि शेवटी कुंदगोळच्या सवाई गंधर्वांपाशी, म्हणजे त्याच खाँसाहेबांच्या शिष्यापाशी, येऊन पोहोचला. आहे त्याहून अधिक खरे ऐकण्याची तहान त्यालाही होती. ती त्याला गाण्याच्या उगमाकडे घेऊन गेली. असमाधान वाईट नव्हे. ते आपल्याला कोणत्या दिशेला नेते, ते पाहावे.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की पैसा खर्च करण्याआधी श्रम खर्च करावेत. 1895 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते ते मोजले. खोली हेही एक वाद्यच असते, हे त्यातून शास्त्राने सिद्ध झाले. आपल्या दिवाणखान्यात गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि कोपऱ्यात ढकललेले स्पीकर असतात. कोपऱ्यात खर्ज फुगतो. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढावेत, दोन स्पीकर आणि आपण असा समभुज त्रिकोण करावा, सतरंजी अंथरावी, जाड पडदा लावावा, पुस्तकांचे कपाट मोकळ्या भिंतीशी न्यावे. ॲम्प्लिफायर केवळ दोन स्पीकरवर चालवण्याची सोय बहुतेक संचांत असते. गाण्यासाठी ती वापरावी. एवढे करूनही उणे वाटले, तर अवश्य बाजारात जावे. पाच सामान्य स्पीकरांच्या किमतीत दोन चांगले घ्यावेत.

आणि थांबावे कुठे? 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतलेले असतात. माणसाचा कान ऐकू शकतो त्या सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचे सारे त्यात मावते. पन्नाशी ओलांडलेला माझ्यासारख्याचा कान तिथवर पोहोचतही नाही. यापुढच्या महागड्या पायऱ्या चढताना माणूस बहुधा गाणे सोडून यंत्र ऐकू लागतो. याची खूण सोपी आहे. पाहुणा आला की यजमान एक तुकडा वाजवतो, मग दुसरा, मग तिसरा. ‘बघा, कसे स्वच्छ येते!’ गाणे कापडाच्या दुकानातल्या नमुन्यासारखे होते. तिथे श्रवण संपलेले असते. समर्थांनी नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान देऊन त्यावर स्वतंत्र समास लिहिला. श्रवण म्हणजे कानावर पडणे नव्हे. त्यापाठोपाठ मनन यावे लागते, आणि मननाला वेळ लागतो. तो दुकानात मिळत नाही.

आणखी एक जबाबदारी आहे. आवाज भिंत ओलांडतो. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या मुलाच्या पुस्तकावर आपला सबवूफर आदळत असेल, तर त्या संचाची किंमत आपण एकट्याने मोजलेली नाही. उलट तोच शेजारी आपल्या सतरंजीवर येऊन बसला तर? भीमसेनांनी मराठीत संतवाणी गायिली, तशीच कन्नडमध्ये दासवाणीही. आमच्याकडच्या अनेक घरांत दोन्ही एकाच कपाटात असतात. एका संध्याकाळी दोन्ही लावाव्यात. शब्द कुणाला कमी कळतील, कुणाला जास्त, पण एकमेकांना अर्थ सांगता सांगता दोन्ही घरांची ओळख वाढेल.

माझे माजी विद्यार्थी पहिला पगार हातात आला की विचारतात, ‘सर, कोणता संच घेऊ?’ मी त्यांना म्हणतो, जरूर घे. पण आधी महिनाभर, आहे त्या यंत्रावर, आठवड्यातून एकदा एक विलंबित ख्याल मोबाईल दूर ठेवून अखेरपर्यंत ऐक. महिन्यानंतर तुला काय ऐकू येत नाही ते तुझे तुलाच कळेल, आणि दुकानदाराला काय विचारायचे तेही.