खडे वजा करून

सोनाराकडं जुना डाग मोडायला नेला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "खडे वजा करून वजन बघू." घेताना खडे, मोती, घडणावळ असं सगळं धरून पैसे मोजायचे, मोडताना सोनं तेवढं खरं, बाकी वजा. हा बाजाराचा रिवाजच आहे, कुण्या एका दुकानाचं नाव घेण्यात अर्थ नाही. पण या वाक्यानं माझ्या डोक्यात बरेच दिवस घर केलंय. घेताना जी वस्तू मोलाची, ती देताना मातीमोल कशी होते? वस्तूचं मोल असतं तरी कशात? मी दहावी शिकलेला माणूस. यावर मोठमोठ्यांनी ग्रंथ लिहिले असतील. मला रानातून जेवढं दिसतं तेवढं सांगतो.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीची कंबर मोडली. विहिरींनी तळ दाखवले, लोकांनी टँकरनं पाणी घालून बागा जगवायची धडपड केली. ज्यांना ते झालं नाही त्यांनी वाळलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवली. त्या उन्हाळ्यात माझ्या मायनं आपली नथ काढून दिली. नथीत सोनं असतं किती? तारेपुरतं. बाकी सगळे मोती आणि मधे एक लाल खडा. सोनारानं मोती तारेतून मोकळे केले, कागदाच्या पुडीत बांधले आणि मायच्या हातावर ठेवले. म्हणाला, "आजी, तारेचे पैसे देतो. मोत्याला घेणारं कोणी नाही." त्या पैशात टँकरच्या दोन-तीन खेपा झाल्या. घरी आल्यावर माय म्हणाली, "लेका, पन्नास वर्षं बाया माझ्या मोत्याचं नाव काढायच्या. तारेचं कोणी नाव काढलं का?"

तिचं खरं होतं आणि सोनाराचंही खोटं नव्हतं. तो भाव सांगत होता, ती मोल सांगत होती. आपण हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरतो, तिथंच गफलत होते.

आमच्या भागात नांगराला गारगोट्या लागतात. वेचायच्या अन् बांधावर फेकायच्या, एवढंच त्यांचं नशीब. पण याच जातीचा दगड, अकीक म्हणा की गोमेद म्हणा, घासूनपुसून भोक पाडला की मणी होतो. दोन हजार वर्षांमागं एका ग्रीक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं टिपण लिहून ठेवलं. त्यात पैठणहून असले दगड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात, अशी नोंद आहे. आमच्याच जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथं १९७३ साली उत्खनन झालं, त्यात रंगीत दगडांचे मणी निघाले. त्या काळात रोमचा प्लिनी कुरकुरत होता की, आमच्या बायकांच्या हौसेपायी हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तानाकडं वर्षाला दहा कोटी नाणी जातात. म्हणजे इकडं जे बांधावर पडलेलं, त्याच्यापायी तिकडं खजिना रिता होतोय म्हणून ओरड. दगड तोच. मधे पडला तो माणसाचा हात.

मग मोल म्हणजे कष्ट, असं म्हणून सुटता येईल का? नाही येत. कष्टालाच भाव असता तर मोसंबीवाला आज कर्जात नसता. आणि कष्ट न करताही भाव असतोच. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. आमच्या आज्या-पणज्यांनी भरलेला सारा त्याच खजिन्यात गेला. त्या खजिन्यात जेकब नावाचा १८४ कॅरटचा हिरा होता. सहाव्या निजामाच्या जोड्याच्या टोकात तो सापडला आणि सातव्यानं तो कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवला, असं सांगतात. १९९५ साली भारत सरकारनं निजामाचे १७३ नग सुमारे २१८ कोटींना घेतले, त्यात तोही आला. ज्याला जोड्यात अन् टेबलावर ठेवलं, त्याचा भाव काही तिळभर कमी झाला नाही. अन् माझ्या मायचे मोती रोज नाकात राहून पुडीत गेले.

मोत्यांचा भाव का पडला, हेही समजून घ्यावं. पूर्वी आपल्याकडं बसऱ्याच्या मोत्याचं नाव होतं. ते मोती इराणच्या आखातात पाणबुडे काढायचे. नाकाला चिमटा, पायाला दगड, आणि एका श्वासात समुद्राचा तळ. शेकडो शिंपले फोडले की एखादा मोती. हे पाणबुडे नावेच्या मालकाकडून हंगामाआधी उचल घ्यायचे. ती फिटायची नाही, बाप मेला की कर्ज पोरावर. हे वाचलं तेव्हा मला परकं काहीच वाटलं नाही. समुद्राच्या जागी रान घाला, नावेच्या मालकाच्या जागी सावकार घाला, गोष्ट आमचीच.

पुढं जपानात मिकिमोतो नावाच्या माणसानं १८९३ साली शिंपल्यात मुद्दाम कण घालून मोती तयार करून दाखवला. तो धंदा वाढला, त्यात १९२९ ची मंदी आली आणि आखातातला धंदा बसला. लोक विचारतात, असा केलेला मोती खरा का खोटा? मी त्यांना आमची बाग दाखवतो. मोसंबीचं झाड आम्ही जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून करतो. फळ खोटं असतं का? माणसानं डोळा भरला, रस झाडानंच केला. तसंच माणसानं कण घातला, मोती शिंपल्यानंच केला. खोटं ते, जे एक सांगून दुसरं विकलं जातं. खोटेपणा मोत्यात नसतो, विकणाऱ्याच्या जिभेत असतो.

आता या सगळ्यातली खरी बोचणारी गोष्ट. गुजरातेत खंबायतला अजून अकीक घासतात. दगड चाकावर धरला की बारीक धूळ उडते, ती छातीत बसते. त्यानं फुप्फुसं निकामी होतात आणि माणूस धापा टाकत जातो. हा आजार तिथल्या घासणाऱ्यांमध्ये डॉक्टरांनी नोंदवलेला आहे. म्हणजे दगडाला चकाकी येते ती कुणाच्या तरी श्वासातून येते. मोती निघायचा तोही पाणबुड्याच्या कोंडलेल्या श्वासातून. सोनार खडे वजा करतो, पण त्याच्या आधीच बाजारानं माणूस वजा केलेला असतो.

मग काय, बायांनी डाग घालूच नये? असं म्हणणारे मला भेटलेत. मला ते पटत नाही. मी कापूस पिकवतो. आमच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचून शहरातल्या माणसानं उद्या सुती कपडा घालायचं सोडलं, तर त्याचं मन साफ होईल, माझं पोट भरणार नाही. घासणाऱ्याचंही तेच. त्याला गिऱ्हाईक हवंय, आणि त्याबरोबर धूळ ओढून घेणारं यंत्र हवंय, ओल्यानं घासायची सोय हवीय, आजारात औषध हवंय. हे खर्चाचं काम आहे. तो खर्च भावात धरायचा कुणी? जो घेतो त्यानं. दागिना घेताना आपण कॅरट विचारतो, हॉलमार्क विचारतो, घडणावळीत घासाघीस करतो. घडणावळीत पाच रुपये तोडले की आपण जिंकल्यासारखे घरी येतो. ते पाच रुपये नेमके कुणाच्या छातीतून आले, हे मात्र कोणी विचारत नाही. एका गिऱ्हाइकानं विचारून काही होत नाही, हे मला कळतं. पण शंभरांनी विचारलं तर दुकानदाराला उत्तर शोधावं लागेल, आणि त्याला शोधावं लागलं तर त्याच्या मागच्यालाही लागेल.

माझ्यापुरता हिशेब मी असा लावलाय. भाव दुसरा ठरवतो, त्यावर आपलं चालत नाही. मोसंबीचा भाव माझ्या हातात नाही, मोत्याचा मायच्या हातात नव्हता. पण मोल आपण ठेवायचं असतं. ज्या वस्तूच्या मागचे हात आपल्याला दिसतात तिला मोल येतं, मग ती हिरा असो की नथीतला मोती, की ताटातली भाकर. हात दिसेनासे झाले की उरतो तो नुसता दगड, अन् त्याचा नुसता भाव.

मायची पुडी घरात आहे. नातीनं मागच्या वर्षी ते मोती नव्या तारेत ओवून घेतले. ओवणाऱ्या बाईनं मजुरी सांगितली ती पोरीनं एक रुपया कमी न करता दिली. मला तेवढं बरं वाटलं.