तापीचे दोन तीर



न्यायालयाच्या निवाड्याने पतिपत्नींचे नाते संपते. मातापित्यांचे कर्तव्य संपत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे २६ वे कलम अपत्याच्या ताब्याविषयी शक्य तेथे त्याची इच्छा लक्षात घेण्यास सांगते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे १३ वे कलम त्याचे कल्याण सर्वोपरी मानते. धर्म तरी याहून निराळे काय सांगतो?

आपल्या सुरतेत कित्येक कुटुंबे खानदेशातून आलेली. घर दुभंगले की एक पालक येथे, दुसरा जळगाव-भुसावळकडे. मग दिवाळी कोणाची, उन्हाळी सुट्टी कोणाची, हा कलह पेटतो. परंतु त्या दिवसांवर पहिला हक्क बालकाचा आहे.

म्हणून वार, सण, सुट्ट्या आणि गाडीची वेळ आधीच लेखी ठरवावी व व्रतासारखी पाळावी. मुलाचे आजारपण वा परीक्षा आली, तर हट्ट न धरता दिवस बदलावा. पोटगीचा हिशेब त्याच्या हाती पाठवू नये. परतलेल्या लेकरास ‘तिकडे काय बोलले?’ असे विचारू नये, ‘जेवलास का?’ एवढेच पुसावे.

श्रीकृष्ण देवकीचा आणि यशोदेचाही. एकीचे नाव घेताना आपण दुसरीचे उणे करीत नाही.

तापीमाता खानदेशातून वाहत सुरतेस येते. तिचे दोन तीर परस्परांस भेटत नाहीत. तरी दोघांच्या आधारानेच ती सागरास पोहोचते. दुरावलेल्या मातापित्यांनी एवढे तरी तीरांपासून शिकावे.

शुभं भवतु.