शाल, श्रीफळ आणि सात्त्विक दान

१ फेब्रुवारी १९०५ रोजी विदर्भातल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाच्या शेतकऱ्याने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि जेवायला मातीचे गाडगे, अशा अवस्थेत गावोगाव फिरणाऱ्या या माणसाला लोक पुढे गाडगेबाबा म्हणू लागले. त्याच महिन्यात, २३ तारखेला, शिकागोच्या युनिटी बिल्डिंगमध्ये ७११ क्रमांकाच्या खोलीत चार जण भेटले: एक वकील, एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक कपडे शिवणारा. ही रोटरी क्लबची पहिली बैठक. आणखी चार महिने उलटले नाहीत तोच, १२ जूनला, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली.

तिघांचे एकमेकांशी काही देणेघेणे नव्हते. पण सेवा करणाऱ्याने स्वतःच्या स्वार्थाचे काय करायचे, या जुन्या प्रश्नाला एका वर्षात तीन उत्तरे मिळाली. गाडगेबाबांनी संसारच सोडला. गोखल्यांच्या समाजातले सदस्य सात प्रतिज्ञा घेत, तुटपुंज्या मानधनावर जन्म काढण्याची तयारी ठेवत; सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे, असे गोखल्यांचे म्हणणे होते. शिकागोच्या चौघांनी मात्र स्वार्थाला खुर्ची दिली आणि शेजारी बसवून घेतले.

हे शब्दशः खरे आहे. पॉल हॅरिस या वकिलाच्या पुढाकाराने जमलेल्या त्या क्लबचे पहिले उद्दिष्ट सदस्यांच्या धंद्याची भरभराट हे होते. प्रत्येक व्यवसायातला एकच सदस्य घ्यायचा, म्हणजे आपसांत स्पर्धा नाही आणि गिऱ्हाईक मात्र एकमेकांकडे पाठवता येते. कोणी कोणाला किती काम मिळवून दिले याची नोंद ठेवायला एक पदाधिकारीही होता. १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलाला सदस्य होण्याचे आमंत्रण गेले. केवळ आपसांत फायदा वाटून घेणारी संस्था टिकणार नाही, असे सांगून त्याने नकार दिला. नकार वर्मी लागला. शिकागो शहराच्या हिताचे कलम उद्दिष्टांत आले आणि मग कार्टरही क्लबात आला. क्लबाने हाती घेतलेले पहिले मोठे लोकोपयोगी काम कोणते, तर शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह! विदर्भात खराटा आणि शिकागोत स्वच्छतागृह. दोन टोकांच्या वाटांना सुरुवातीला घाणच आडवी आली.

१९११ च्या सुमारास या संघटनेत एक ब्रीद रूढ झाले: जो सर्वांत चांगली सेवा करतो, त्यालाच सर्वाधिक नफा होतो. ते देणारा आर्थर शेल्डन शिकागोत विक्रीकला शिकवणारी शाळा चालवत असे, तेव्हा भाषा पेढीवरचीच असणार. गंमत अशी, की इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये नेमक्या अशाच दुकानदाराचे उदाहरण घेतले होते. लहान मूल सौदा घ्यायला आले तरी तो फसवत नाही, कारण प्रामाणिकपणाने दुकान चालते. कांट म्हणतो, वागणूक योग्य, पण तिला नैतिक मोल नाही. कर्तव्य म्हणून केले असते तर असते. शेल्डनला यात अडचणच दिसली नसती. मुलाला योग्य भावात सौदा मिळाला ना? मग झाले तर.

भारतात रोटरी १९१९ मध्ये कलकत्त्याला आली, मुंबईत १९२९ मध्ये. आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीही रोटरी नाही तर लायन्स क्लब असतोच, आणि त्याच्या सभेचे रूप कुठेही फारसे बदलत नाही. घंटा वाजते. प्रार्थना होते. सदस्यांच्या आणि त्यांच्या सौभाग्यवतींच्या वाढदिवसांच्या टाळ्या होतात. सेक्रेटरी रक्तदान शिबिराची तारीख सांगतो, मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा आकडा वाचतो, शाळेला दिलेल्या ई-लर्निंग संचाचा उल्लेख करतो. मग पाहुण्यांचा परिचय, जो कधीकधी व्याख्यानाशी लांबीत स्पर्धा करतो. पाहुणे हृदयरोगतज्ज्ञ असतात, म्युच्युअल फंडाचे सल्लागार असतात, मृत्युपत्र का करावे हे सांगणारे वकील असतात, नाही तर हिमालयातल्या भ्रमंतीच्या चित्रफिती घेऊन आलेले एखादे हौशी गृहस्थ. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, आभार. शेवटी ‘फेलोशिप’, म्हणजे जेवण. ‘रोटरी कुठे निघाली आहे?’ या प्रश्नावर ‘जेवायला’ असे उत्तर बर्नार्ड शॉच्या नावावर खपवले जाते. शॉ बोलला असो वा नसो, क्लबवालेच ते सर्वांत जास्त सांगतात. स्वतःवर हसता येणे ही या मंडळींची एक जमेची बाजू.

एका गोष्टीकडे मात्र विनोदाने पाहून भागत नाही. दर आठवड्याची ठरलेली सभा, हजेरीचा आग्रह, घंटा, प्रार्थना, एकत्र भोजन आणि वर्षातून एकदा पदग्रहणाचा सोहळा: धर्मसंस्थेची सगळी सामग्री इथे हजर आहे, फक्त देव कोणता हे विचारायचे नाही. व्यासपीठावरून कोणत्याही धर्माचा वा पक्षाचा प्रचार करू नये, हा संकेत बहुतेक क्लब कसोशीने पाळतात. रोटरीतली प्रसिद्ध चार प्रश्नांची कसोटी हर्बर्ट टेलर या उद्योजकाने १९३२ मध्ये बुडीत निघालेल्या भांड्यांच्या कंपनीसाठी लिहिली. आपण जे बोलतो-करतो ते खरे आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, त्याने स्नेह वाढेल का आणि सगळ्यांचे भले होईल का, असे ते प्रश्न. टेलर स्वतः श्रद्धाळू मेथडिस्ट. त्याने कसोटी आपल्या चार विभागप्रमुखांपुढे ठेवली. एक कॅथलिक, एक ज्यू आणि उरलेले दोघे निराळ्या प्रॉटेस्टंट वळणाच्या पंथांचे होते. यात आमच्या धर्माविरुद्ध काही नाही, असे चौघांनी सांगितले.

रोमला हेच खटकले. सगळ्या धर्मांना चालेल असे नीतिशास्त्र म्हणजे कोणत्याही धर्मावाचून चालणारे नीतिशास्त्र. १९२९ मध्येच कॅथलिक धर्मपीठाने धर्मगुरूंनी रोटरीत जाणे इष्ट नाही असा अभिप्राय दिला होता. १९५० च्या अखेरीस तर त्यांना सदस्य होण्याची स्पष्ट मनाई झाली. पुढे वारे फिरले. १९७९ मध्ये रोटरीचे जागतिक अधिवेशन रोममध्येच भरले आणि त्यापुढे भाषण करणाऱ्यांत खुद्द पोप जॉन पॉल दुसरे होते. क्लबांच्या पाहुण्या वक्त्यांच्या यादीत याहून मोठे नाव शोधावे लागेल.

आपल्याकडे आक्षेप वेगळा असतो आणि तो नावाच्या पाटीवर घेतला जातो. बसथांब्याच्या बाकावर, पाणपोईवर, डायलिसिस यंत्रावर, सगळीकडे क्लबाचे बोधचिन्ह आणि अध्यक्षांचे नाव. ‘गुप्तदान महापुण्य’ ऐकत वाढलेल्या माणसाला हे बोचणे साहजिक आहे. कुराणानेही उघड दान चांगले, पण गुपचूप गरिबाला दिलेले अधिक चांगले, असा क्रम लावला आहे. पण गीतेच्या सतराव्या अध्यायातले दानाचे तीन प्रकार नीट वाचले, तर निकाल वाटतो तितका सोपा राहत नाही. परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी, द्यायचे म्हणून दिलेले ते सात्त्विक. मोबदल्यावर किंवा फळावर डोळा ठेवून, नाही तर कुरकुरत दिलेले ते राजस. अस्थानी, अवेळी, अपात्री आणि घेणाऱ्याचा मान न ठेवता, त्याला तुच्छ लेखून दिलेले ते तामस.

म्हणजे पाटी ही राजस गोष्ट. ती मधल्या पायरीवर आहे. तळाशी आहे ती अवहेलना.

टीकाकारांची नजर नेमकी इथे चुकते. देणाऱ्याचा अहंकार हा त्याचा स्वतःचा आजार. त्याने डायलिसिसच्या यंत्राचे काम बिघडत नाही. डिसेंबरच्या थंडीत आदिवासी पाड्यावर घोंगड्या वाटताना काय होते ते पाहावे. म्हाताऱ्या बाईला रांगेतून पुढे बोलावतात. घोंगडीचे एक टोक तिच्या हातात, दुसरे टोक पाच पदाधिकाऱ्यांच्या हातात. ‘आजी, इकडे बघा.’ फोटो नीट आला नाही म्हणून घोंगडी परत घेऊन पुन्हा द्यायची. इथे कोणी दुष्ट नसतो. सुट्टीचा दिवस आणि पदरचे पेट्रोल खर्चून आलेली ही भली माणसे असतात. तरीही गीतेच्या मोजपट्टीने ती घोंगडी पाटीच्या खाली घसरते. एका बाबतीत मात्र पाटीचा दोष मान्य करावा लागेल: ज्याचा फोटो निघतो तेच काम आधी निवडले जाते. घोंगडीचा निघतो, रुग्णाबरोबर सरकारी दवाखान्यात दिवसभर ताटकळण्याचा निघत नाही.

बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू धर्मशास्त्रकाराने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वर गुप्तदान असेल असे वाटते. ते दुसऱ्या पायरीवर आहे. वरच्या पायरीवर आहे तो गरजूला कर्ज देणारा, धंद्यात भागीदार करून घेणारा किंवा काम मिळवून देणारा. भागीदाराचे नाव गुप्त ठेवता येत नाही. मात्र त्याला बरोबरीने बसवावे लागते, आणि तो बोलतो ते ऐकून घ्यावे लागते.

पाहुण्या वक्त्यांची वर्षभराची यादी म्हणूनच तपासण्यासारखी असते. तीत डॉक्टर सापडतो, रुग्ण सापडत नाही. ‘लाभार्थी’ व्यासपीठावर येतो तो वस्तू घ्यायला; फार तर दोन शब्द आभाराचे बोलतो. याला एक थोर अपवाद आहे. ३० जून १९२५ रोजी ओहायोतल्या सीडर पॉइंटला लायन्स क्लबांच्या अधिवेशनात हेलन केलर बोलल्या. तेव्हा ही संघटना जेमतेम आठ वर्षांची होती. स्वतः अंध आणि बहिऱ्या असलेल्या केलर तिथे देणगी मागायला आलेल्या दुबळ्या बाईसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. तुमच्या दाराशी आलेली संधी म्हणजे मी आहे, असे त्यांनी त्या व्यापाऱ्यांना ऐकवले आणि अंधांसाठी लढणारे सरदार व्हा, असे सुचवले. संघटनेने ते मनावर घेतले. १९३० मध्ये इलिनॉयमधल्या पिओरियाच्या लायन्स क्लबाने अंधांच्या पांढऱ्या काठीचा प्रसार सुरू केला, आणि गावोगावच्या नेत्रशिबिरांचा धागाही त्या एका भाषणापर्यंत जातो. ज्याला द्यायचे त्याच्याच हाती माइक आला की काम कसे वळण घेते, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

गाडगेबाबांना हे शिकवावे लागले नाही. ते गावात येत ते आधी गाव झाडायला, रात्री कीर्तन. त्या कीर्तनात ते प्रश्न विचारत आणि उत्तरे समोरच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांकडूनच वदवून घेत. पायांवर डोके ठेवू देत नसत. धनिकांकडून आलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभारल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

क्लबांनाही हा धडा मिळाला, पण उशिरा, आणि मिळाला तो नकारातून. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचा संकल्प सोडला. भारतात लाखो स्वयंसेवक घरोघर थेंब घेऊन गेले, तरी पश्चिम उत्तर प्रदेशात दारे बंद होत राहिली. या थेंबांनी वांझपण येते, अशी अफवा मुस्लिम वस्त्यांत होती. तेव्हा व्यासपीठावर धर्म नको म्हणणाऱ्या रोटरीने उलेमांची समिती नेमली, आणि मौलवी लसीच्या बाजूने बोलू लागले. अफवेवर हा उतारा चालला. पण आयांचा एक प्रश्न अफवेतून आलेला नव्हता: गटार तुंबलेले, पाणी गढूळ, हगवणीने पोर गेले तेव्हा कोणी फिरकले नाही; मग हे दोनच थेंब दर महिन्याला दारी का येतात? २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले. त्याच वर्षी सरकार आणि त्याच्या भागीदार संस्थांनी उत्तर प्रदेश व बिहारमधले १०७ विकासखंड (ब्लॉक) निवडून तिथे थेंबांच्या जोडीला हात धुणे, स्वच्छता, स्तनपान आणि हगवणीवर क्षारसंजीवनी व झिंकच्या गोळ्या असा कार्यक्रम आखला. आयांनी दारातूनच त्याची मागणी नोंदवली होती. २०१० मध्ये रुग्ण ४२ वर आले, आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळलेल्या रुग्णानंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही.